मिसेस गिल्व्हारींकडची चार नंबरची खोली

गावातल्या सगळ्या विधवांचे नवरे मेल्यावर एकदा तरी येऊन गेले होते. अट्रॅक्टाबाई हॅनलींचा तेवढा आला नव्हता.

ही गोष्ट कुणी मुद्दाम काढली होती असं नाही. पण दर गुरुवारी सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये चहा असायचा, आणि कोपऱ्यातलं, रेडिएटरजवळचं टेबल विधवांचं होतं. तिथे बसलं की आधी पाऊस, मग गुडघे, आणि मग आपापले नवरे, असा क्रम ठरलेला. नोरीन कॅफ्रीचा नवरा रॉबिन पक्षी होऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत यायचा. जिवंतपणी तो एकशे तीस किलो होता. तो एवढ्याशा पक्ष्यात मावला कसा, असं कुणी विचारलं नाही. बर्नी लाव्हिनचा नवरा येऊन गिझर बंद करून जायचा. तो जिवंतपणीही घरात दुसरं काही करत नव्हता, त्यामुळे ओळख पटायला अडचण आली नाही. पॉलीन टिंप्सनला तर अधूनमधून पाइपच्या तंबाखूचा वास येई. तिच्या नवऱ्याने उभ्या जन्मात तंबाखू ओढला नव्हता. पण वर गेल्यावर लागली असेल सवय, तिथे म्हणे वेळ जाता जात नाही.

"आणि तुझा एंडा गं?" असं सगळ्या मग अट्रॅक्टाबाईंकडे वळून विचारत.

पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या, "अजून नाही." दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, "तो कधीच कुठे वेळेवर गेला नाही." तिसऱ्या वर्षी मात्र टेबलावरच्या नजरा बदलल्या. ज्या बाईकडे नवरा मेल्यावरसुद्धा फिरकत नाही, तिच्याकडे तो जिवंतपणी तरी कशाने टिकला असेल, असं काहीतरी त्या नजरांत होतं. तेव्हा अट्रॅक्टाबाई चक्क खोटं बोलल्या. म्हणाल्या, "येतो की. बैठकीच्या खोलीतला पडदा हलतो."

"खिडकी बंद असताना?"

"बंद असताना."

टेबल समाधान पावलं. अट्रॅक्टाबाई घरी आल्या, कोट न काढता खुर्चीत बसल्या आणि चहाची वेळ होईपर्यंत पडद्याकडे पाहत राहिल्या. पडदा हलला नाही. हलणार तरी कसा? एंडा सुतार होता. त्याने स्वतःच्या हाताने बसवलेल्या दाराखिडक्यांच्या फटीतून वारासुद्धा आत येत नसे, मग तो स्वतः कुठून येणार!

तर अशा त्या ऑगस्टमध्ये डिम्फ्ना येऊन धडकली. डिम्फ्ना ही अट्रॅक्टाबाईंची धाकटी बहीण. बिनलग्नाची, टपाल खात्यातून निवृत्त झालेली. दुसऱ्यांची पत्रं वाटण्यात जन्म गेल्यामुळे दुसऱ्याच्या भल्याचं काय ते तिला त्या माणसाच्या आधी कळायचं.

"तीन दिवस समुद्रावर," पिशवी टेबलावर टाकत ती म्हणाली. "शुक्रवार ते सोमवार. तू किती वाळलीयस बघ. तोंडावर मीठ लागलं पाहिजे जरा."

"मीठ घरात आहे."

"चेष्टा नको. मी सगळी माहिती काढून आणलीय. रॉसनाहेलीलाच जाऊ, तुला सवयीचं आहे. आता उतरायचं कुठे, तेवढं तू ठरव. हे बघ, फोन्सीचा कॅरव्हॅन रिकामा आहे."

फोन्सी हा दोघींचा चुलतभाऊ. "फोन्सीच्या कॅरव्हॅनमध्ये कुत्र्याचा वास येतो," अट्रॅक्टाबाई म्हणाल्या.

"कुत्रं मेलं की गेल्या वर्षी."

"म्हणून काय झालं?"

डिम्फ्नाने पुढचा कागद काढला. "बरं, मग हे नवं हॉटेल. किनाऱ्याच्या टोकाचं. आत पोहायचा तलाव आहे."

"समुद्र समोर असताना आत तलाव कशाला?"

"कारण समुद्र गार असतो, अट्रॅक्टा! आणि वाफेची खोली आहे. तिथे टॉवेल गुंडाळून बसायचं."

"कुणाबरोबर?"

"जे असतील त्यांच्याबरोबर."

"मी एंडासमोर टॉवेल गुंडाळून बसले नाही कधी, आणि आता परक्यांसमोर बसू?"

डिम्फ्नाने कागद ठेवून दिले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मग मिसेस गिल्व्हारींकडेच जाऊ या. एकतीस वर्षं गेलीस तिथे. चार नंबरची खोली. सरळ तसं म्हण ना."

अट्रॅक्टाबाई उठल्या आणि कुणी मागितला नसताना सोडा ब्रेड कापू लागल्या. सहा चकत्या झाल्या, सात झाल्या. दोन बायकांना लागतील त्याच्या दुप्पट झाल्यावर सुरी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "हॉटेलच बरं."

आता इथे आपण खरं काय ते सांगून टाकू, कारण अट्रॅक्टाबाई सांगणार नाहीत. घरात एंडा नव्हता, हे तीन वर्षांत सिद्ध झालं होतं. ज्या शेडमध्ये तो रंधा हातात असताना कोसळला, तिथे नव्हता. कबरीवर तर नव्हताच; तिथे त्या दर रविवारी जात, आणि तिथल्याइतकं कुणी-नसणं त्यांनी आणखी कुठे पाहिलं नव्हतं. राहिली एकच जागा. वर्षातला एक आठवडा एंडा जिथे शिट्टी वाजवत जिना चढायचा, ती मिसेस गिल्व्हारींच्या पाहुणेघरातली चार नंबरची खोली. तिथे गेलं आणि तिथेही तो नसला, तर मग तो कुठेच नाही. न गेलं तर निदान एक खोली शिल्लक राहत होती. मूठ झाकलेली होती, तोवर सव्वा लाखाची होती.

म्हणून हॉटेल.

पण हॉटेलात जायचं म्हणजे मिसेस गिल्व्हारींना आधी कळवणं भाग होतं. रॉसनाहेलीत रस्ता एकच, आणि मिसेस गिल्व्हारींचं घर त्यावर. एकतीस वर्षं एकीकडे उतरायचं आणि मग तिच्या खिडकीसमोरून पेट्या घेऊन हॉटेलात शिरायचं, हे त्या किनाऱ्यावर परपुरुषाबरोबर पळून जाण्याहून थोडंच कमी समजतात. शिवाय आणखी एक घोटाळा होता. दर वर्षी निघताना एंडा दारात उभा राहून म्हणायचा, "पुढच्या वर्षी हाच आठवडा, मिसेस गिल्व्हारी, देवाने ठेवलं तर." देवाने ठेवलं नाही. पण म्हणून आठवडा रद्द झाला, असं कुणी कुणाला म्हणालं नव्हतं. एंडा गेल्याचं रेडिओवर सकाळच्या मृत्यूवार्तांत सांगितलं होतं, त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितल्याचं मिसेस गिल्व्हारींचं कार्डही आलं होतं. पण त्यात खोलीचा विषय काढणं बरं दिसलं नसतं. उत्तरात अट्रॅक्टाबाईंनी आभार मानले. त्यातही खोलीचा विषय काढणं बरं दिसलं नसतं. अशा रीतीने दोन सभ्य बायकांनी मिळून एका मेलेल्या माणसाचं आरक्षण तीन वर्षं चालू ठेवलं होतं.

"सरळ सांग, यंदा येत नाही म्हणून," डिम्फ्ना बाहेर बागेत जाता जाता म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

अट्रॅक्टाबाईंनी फोन लावला. "मिसेस गिल्व्हारी? मी अट्रॅक्टा हॅनली बोलतेय."

पलीकडे काहीतरी धातूचं फरशीवर पडल्याचा आवाज झाला, आणि त्यानंतर इतका वेळ काहीच नाही की अट्रॅक्टाबाईंना वाटलं फोन तुटला.

"मिसेस हॅनली," अखेर आवाज आला. "तुम्ही स्वतः?"

"मीच. कशा आहात?"

"मी आहे. तुम्ही कशा आहात? म्हणजे... बऱ्या आहात ना? प्रकृतीने?"

"ठणठणीत."

"देवाची कृपा," मिसेस गिल्व्हारी म्हणाल्या, आणि ते त्यांनी नेहमीपेक्षा जरा जास्तच मनापासून म्हटलं.

मग पाऊस झाला, गुडघे झाले, रॉसनाहेलीत कोण कोण गेलं ते झालं. एकवीस मिनिटांनी अट्रॅक्टाबाईंनी धीर केला. ताकाला जायचं तर भांडं किती वेळ लपवणार?

"म्हटलं, यंदा तुम्हांला त्रास नको द्यायला."

"त्रास कसला!"

"नाही, बरोबर बहीण आहे. तिची पाठ दुखते."

"गाद्या नव्या घेतल्यात मी."

"ती सकाळी फार लवकर उठते."

"मी पाचला उठते."

"तिला मासे चालत नाहीत."

"मग कोंबडी करीन. शुक्रवारी येताय ना? दुपारी तीनपर्यंत पोचाल?"

"पोचू," अट्रॅक्टाबाई म्हणाल्या. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. तिकडे ती सगळ्या गावाची बहीण आहे.

त्या फोन ठेवणार, तेवढ्यात मिसेस गिल्व्हारींचा सूर बदलला. "एक सांगायचं होतं. खोलीबद्दल. तुमचा आठवडा मी दर वर्षी रिकामाच ठेवते, त्याची काळजी नको. पण बाकीच्या वेळी मी ती चार नंबर लोकांना देते ना, तर लोक तिथे टिकत नाहीत हो."

"का? ओल आली?"

"ओल नाही. मागच्या महिन्यात एक जर्मन जोडपं होतं. इंजिनियर दोघंही. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले, अंड्याला हात लावला नाही, म्हणाले, खोली बदलून द्या. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, खोलीत आधीच कुणीतरी आहे."

अट्रॅक्टाबाईंनी हॉलमधल्या खुर्चीचा हात धरला.

"तुम्ही या," मिसेस गिल्व्हारी घाईने म्हणाल्या, "समोरासमोर बोलू. ही फोनवर बोलायची गोष्ट नाही."

फोन ठेवल्यावर अट्रॅक्टाबाई पहिल्यांदा हसल्या. अगदी तोंडाला हात लावून, मुलीसारख्या. आहे! तो आहे! आणि त्या पाठोपाठ त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की बस्. तीन वर्षं त्या एका पडद्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. बायकोला साधा एक खोकला ऐकवला नाही, आणि हा तिकडे जर्मन लोकांना दर्शन देतोय! इंजिनियरांना! ज्यांची त्याची ओळख ना पाळख!

डिम्फ्ना हातात मुळे घेऊन आत आली. "सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

"शुक्रवारी तीनपर्यंत या म्हणाल्या."

डिम्फ्ना मुळे धरून तशीच उभी राहिली. मुळ्यांवरची माती फरशीवर पडत राहिली.

गुरुवारी अट्रॅक्टाबाईंनी चहाला दांडी मारली आणि त्या वेळात केस सेट करून घेतले. शुक्रवारी निळा ड्रेस घातला. गाडीत बसल्यावर डिम्फ्नाने एकदा केसांकडे पाहिलं, एकदा ड्रेसकडे.

"समुद्रावर चाललोय आपण. वारा असतो तिथे."

"माहीत आहे."

"मग हा थाट कुणासाठी?"

"गप्प बसून गाडी चालव."

दोन तासांच्या वाटेत अट्रॅक्टाबाई मनातल्या मनात एंडाशी भांडत होत्या. कुठून सुरुवात करायची ते त्यांनी ठरवलं होतं: आधी जर्मनांवरून, मग नोरीन कॅफ्रीच्या टेबलावरून, आणि सगळ्यांत शेवटी, राग ओसरल्यावर, एकच साधा प्रश्न, की बाबा, मला का नाही. रॉसनाहेलीचा उतार लागला आणि समोर करडा समुद्र उघडला, तेव्हा त्या पर्स उघडून रुमाल शोधू लागल्या.

मिसेस गिल्व्हारी दारातच होत्या. सत्त्याहत्तरीची, काटकुळी, ताठ बाई. त्यांनी अट्रॅक्टाबाईंचा हात हातात घेतला, तो जरा जास्त वेळ धरून ठेवला आणि अंगठ्याने मनगट चाचपलं. नाडी लागल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"चहा घ्या."

"नको, त्रास नको."

"घोटभर."

"नाही हो, खरंच."

"ठेवलाच आहे."

"बरं, घोटभर," असा तिसऱ्या फेरीला होकार झाला, कारण त्याआधी होकार देणाऱ्या बाईला आईबापांनी वाढवलं नाही असं समजतात. स्कोन आले, लोणी आलं, रुबार्बचा मुरंबा आला. अट्रॅक्टाबाईंचं लक्ष सारखं जिन्याकडे होतं.

"मी जरा वर जाऊन बघते," शेवटी त्या उठल्याच.

मिसेस गिल्व्हारी त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने दारात आडव्या झाल्या. "आज नाही. आता दुपार झाली."

"म्हणून काय झालं?"

"बसा, मिसेस हॅनली." त्यांनी दार लावून घेतलं. "मी सांगते तसं ऐका. ते मिस्टर हॅनली नाहीत."

अट्रॅक्टाबाई बसल्या.

"बाई आहे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली असते. हिरवा, विणलेला कार्डिगन. मांडीवर घडी केलेला टॉवेल. कुणाला त्रास देत नाही, नुसती खाली किनाऱ्याकडे बघत असते. जर्मनांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, स्वप्न असेल. मग दुसऱ्या सकाळी मी स्वतः चादरी बदलायला गेले." मिसेस गिल्व्हारींनी चहाचा घोट घेतला. "तुम्ही होतात."

बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते.

"मला वाटलं, तुम्ही गेलात. महिनाभर मी सकाळचा रेडिओ कान देऊन ऐकला, तुमचं नाव येईल म्हणून. कार्डसुद्धा आणून ठेवलं होतं. नाव काही येईना. आणि मग एके दिवशी तुमचाच फोन. माझ्या हातातली बेकनची कढई पडली हो, फरशीला टवका उडालाय."

"म्हणजे ही तीन वर्षं मला न सांगता सुट्टीवर येत होती?" डिम्फ्ना म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण टपाल खात्यातली माणसं सहजासहजी बोलायची थांबत नाहीत.

"जुन्या माणसांना हे माहीत होतं," मिसेस गिल्व्हारी म्हणाल्या. "जिवंत माणसाची सावली. माणूस एकीकडे आणि ती दुसरीकडे. सकाळी दिसली तर त्या माणसाला उदंड आयुष्य. दुपारनंतर दिसली, तर मग शवपेटीचं माप घ्यायला सांगायचं. आजवर सगळ्यांना सकाळीच दिसलीय. साडेसाताच्या सुमाराला. तुम्ही नव्वदी गाठाल बघा. पण म्हणून मी दुपारी तुम्हांला वर जाऊ देणार नाही. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

अट्रॅक्टाबाई एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. नव्वद म्हणजे आणखी एकवीस वर्षं. उदंड आयुष्याची बातमी इतक्या जड मनाने क्वचितच कुणी ऐकली असेल.

"आणि तो?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"एंडा. तिच्याबरोबर नसतो?"

मिसेस गिल्व्हारी खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, पण खोटं बोलायच्या जागा आणि खरं बोलायच्या जागा त्यांच्या ठरलेल्या होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "जर्मनांनी पाहिला नाही. मीही नाही."

झालं. मूठ उघडली.

आणि तरीही अट्रॅक्टाबाईंना आश्चर्य वाटलं नाही, हेच आश्चर्य. साडेसातला त्या रोज काय करत, ते त्यांना ठाऊक होतं. घरी, स्वयंपाकघरात, चहाचा कप घेऊन बसत, आणि कप तसाच गार व्हायचा. एकतीस वर्षं, वर्षातल्या सात सकाळी, एंडा नाश्त्याच्या आधी समुद्रात उतरायचा आणि त्या चार नंबरच्या खिडकीत टॉवेल रेडिएटरवर गरम करून वाट बघायच्या. तो गेल्यापासून रोज सकाळी त्या मनाने तिथेच जाऊन बसत. फक्त, मन जाताना आणखी किती काय बरोबर घेऊन जातं, हे त्यांना कळलं नव्हतं. तो इथे नव्हता. त्याला शोधणारी बाई तेवढी इथे होती. घरी पडद्याकडे पाहणारी उरलीसुरली होती, आणि तिच्याकडे कुणी कशाला यावं?

"आज मागे सात नंबरमध्ये झोपा," मिसेस गिल्व्हारी म्हणाल्या. "सकाळी मी बोलावीन. वर जाऊन या आणि मग काय ते ठरवा. चार तुमचीच आहे. नको असेल तर सात आहे. तीही नको असेल तर," इथे त्यांनी श्वास घेतला, "हॉटेल आहे. मी वाईट वाटून घेणार नाही." हे मात्र खोटं होतं, आणि त्याची जागाही बरोबर होती.

सकाळी सात पंचवीसला अट्रॅक्टाबाई सात नंबरमधून बाहेर पडल्या. डिम्फ्ना बिछान्यात जागी होती. "मी येऊ?" तिने विचारलं. "नको," अट्रॅक्टाबाई म्हणाल्या. डिम्फ्नाने हट्ट धरला नाही, आणि तेही जन्मात पहिल्यांदा.

चार नंबरचं दार लोटलेलं होतं. अट्रॅक्टाबाईंनी ते हातभर उघडलं.

खोली उजेडाने भरलेली होती. समुद्रावरून येणारा, पाण्यातून गाळल्यासारखा उजेड. पलंगावर घड्या न मोडलेल्या चादरी. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत ती पाठमोरी बसली होती. कार्डिगन हिरवाच होता. एंडाच्या अंत्यविधीनंतर महिनाभरात अट्रॅक्टाबाईंनी तो धर्मादाय दुकानात देऊन टाकला होता. मानेवर केसांचं वळण. मांडीवरच्या टॉवेलवर दोन्ही हात, जसे गरम भाकरीवर ठेवावेत.

भीती वाटेल असं त्यांना वाटलं होतं. वाटला तो संकोच. दुसऱ्याच्या खोलीत न विचारता शिरल्यासारखा.

खोलीत आवाज नव्हता. लाटांचाही नाही, आणि खिडकी तर उघडी होती. पडदा फुगून स्थिर राहिल्यासारखा दिसत होता. तेवढ्यात ती पुढे झुकली. खाली किनाऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं. तिने हात वर केला. मग ती उठून उभी राहिली, टॉवेल छातीशी धरून, आणि हात हलवू लागली. जोराने, खांद्यापासून, एखादा माणूस पाण्यातून बाहेर येऊन वर बघत असला म्हणजे हलवावा तसा. तिचे खांदे हसण्याने हलत होते. काहीतरी ती बोलली. ऐकू आलं नाही, पण काय बोलली असेल ते अट्रॅक्टाबाईंना माहीत होतं. 'ये लवकर, मूर्खा, निळा पडलायस.'

दारापासून खिडकी चार पावलांवर होती. चार पावलं टाकली, तिच्या शेजारी उभं राहिलं, खाली पाहिलं, की तीन वर्षांचा प्रश्न सुटला. किनाऱ्यावर तो असेल. किंवा करडी वाळू असेल, आणि कुणाचं तरी कुत्रं.

अट्रॅक्टाबाईंनी एक पाऊल टाकलं. दुसरं उचललं.

आणि मग त्यांना दिसलं, की हात हलवणारी बाई थांबत नाहीये. ती वळून पाहत नव्हती, तिला कुणाला विचारायचं नव्हतं, तिला काही सिद्ध करून घ्यायचं नव्हतं. तिला तो दिसत होता. आपण शेजारी जाऊन उभ्या राहिलो आणि खाली कुणी नसलं, तर दोघींनाही दिसणार नाही. मग कुणालाच दिसणार नाही.

उचललेलं पाऊल त्यांनी मागे ठेवलं. जिला दिसतोय तिला दिसू दे.

त्या पाठ न वळवता बाहेर आल्या. दार ओढून घेतलं, पण कडी लावली नाही. नुसतं लोटलं. जिन्याच्या वळणावर त्यांना एकाएकी गारठा लागला, खारट, ओल्या अंगाच्या जवळून यावा तसा. त्या भिंतीकडे सरकल्या, वर चढणाऱ्या माणसाला वाट द्यावी तशा, आणि नजर आपल्या पायांवर ठेवून थांबल्या. त्यांनी मनात पाचापर्यंत मोजलं. मग उतरल्या. पायऱ्या ओल्या होत्या की नाही, ते त्यांनी पाहिलं नाही.

खाली मिसेस गिल्व्हारी आणि डिम्फ्ना टेबलाशी बसल्या होत्या. दोघींनी एकदम वर पाहिलं.

"काय ठरलं?" मिसेस गिल्व्हारींनी विचारलं.

"सात नंबर," अट्रॅक्टाबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "आम्ही दोघी सातमध्येच राहू."

"तिथून समुद्र दिसत नाही."

"नाही दिसत."

"शेजारच्यांची कोंबड्यांची खुराडी दिसतात."

"चालेल."

मिसेस गिल्व्हारींनी चहा ओतला. किटली ठेवताना त्या छताकडे बघून हळूच म्हणाल्या, "मग चार नंबर रिकामी ठेवू का?"

"रिकामी नाही ती," अट्रॅक्टाबाई म्हणाल्या. "पण कुणाला देऊ नका. तिथे नवराबायको आहेत."

डिम्फ्नाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बहिणीकडे पाहिलं, आणि तिच्या पुढ्यात लोणी सरकवलं. अट्रॅक्टाबाईंनी दोन्ही हातांनी कप धरला. चहा गरम होता, आणि त्यांनी तो तसाच, गरम असतानाच, प्यायला सुरुवात केली.